पदवीनंतरचे एक वर्ष जाणत्या नजरेखाली: सोलापुरात फिजिओथेरपिस्टसाठी विशेष रेसिडेन्सी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. त्या निमित्ताने दरवर्षी सोलापुरात मोफत तपासणी शिबिरे होतात, गुडघेदुखी आणि मानदुखीवरील व्यायामांचे लेख वृत्तपत्रांतून येतात आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. या शिबिरांचे मोल मी कमी लेखत नाही, कारण कित्येक रुग्णांची फिजिओथेरपीशी पहिली ओळख तिथेच होते. परंतु हे रुग्ण ज्यांच्या हाती सोपवले जातात, त्या तरुण फिजिओथेरपिस्टांचे शिक्षण पदवीनंतर कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली पुढे चालू राहते, या प्रश्नाची जाहीर चर्चा आपल्या शहरात होत नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. सोलापुरातील मोठ्या रुग्णालयांनी एकत्र येऊन पदवीधर फिजिओथेरपिस्टसाठी एका ठरावीक विशेष शाखेतील, एक वर्षाची, सवेतन आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालील रेसिडेन्सी सुरू करावी, अशी माझी मागणी आहे. मी याच शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, नव्याने पदवी घेतलेल्या मुलामुलींना रोज जवळून पाहते, आणि त्यांच्यात हुशारीची किंवा कष्टांची कमतरता नाही हे आधीच स्पष्ट करते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपीची पदवी आजवर साडेचार वर्षांची राहिली आहे आणि तिचे शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात. या सहा महिन्यांत अस्थिरोग, मेंदू व मज्जासंस्था, श्वसन व हृदय, बालरोग, सामाजिक आरोग्य अशा सगळ्या विभागांतून फिरायचे असल्यामुळे एकेका विभागाच्या वाट्याला काही आठवडेच येतात. ओपीडीत रुग्णांची रांग लागलेली असते, वरिष्ठांवर कामाचा ताण असतो, आणि बऱ्याच ठिकाणी इंटर्नच्या वाट्याला मशीन लावणे, शेक देणे आणि ठरवून दिलेले व्यायाम करून घेणे एवढेच काम येते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची आणि इंटर्नशिप एक वर्षाची केली आहे. हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. तरीही इंटर्नशिप हा पदवीचाच भाग असून सर्व शाखांची ओळख करून देणे एवढाच तिचा हेतू असतो. एका शाखेत खोलवर शिरण्याची सोय तिच्यात नाही आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून करता येणार नाही.

इंटर्नशिप संपली, परिषदेकडे नोंदणी झाली, की दुसऱ्या दिवसापासून ही मुले एकटी पडतात. कोणी एखाद्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर लागते, कोणी होम व्हिजिट सुरू करते, कोणी कर्ज काढून स्वतःचे क्लिनिक थाटते. जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये अर्धांगवायूच्या रुग्णाच्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला, आपण करतो आहोत ते बरोबर आहे की नाही हे विचारायला त्या क्षणी कोणीही नसते. रुग्णाचा मुलगा विचारतो, "मॅडम, बाबा कधी चालतील?" आणि तिला स्वतःच्या अंदाजाने उत्तर द्यावे लागते.

दुसरीकडे कायद्याने फिजिओथेरपिस्टवर टाकलेली जबाबदारी पूर्वीपेक्षा मोठी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिओथेरपिस्टची व्याख्या करताना सर्वांगीण तपासणी, निदान, उपचार, प्रतिबंध आणि आरोग्यसंवर्धन या सर्वांचा समावेश केला आहे, आणि तो स्वतंत्रपणे किंवा विविध तज्ज्ञांच्या पथकाचा भाग म्हणून काम करू शकतो असे स्पष्टपणे म्हटले आहे. आमच्या व्यवसायाने या मान्यतेसाठी अनेक दशके वाट पाहिली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली, हे लक्षात घेतले तर ही वाट किती लांबची होती ते कळते. आता स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार मिळाला आहे, तेव्हा रुग्णाला कोणता आजार आहे, तो आपल्या हातचा आहे की नाही आणि नसेल तर त्याला कोणाकडे आणि किती तातडीने पाठवायचे, हे ओळखण्याची जबाबदारीही आमच्यावर आली आहे. ही ओळख केवळ पुस्तकातून येत नाही.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. या शहरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही हातांची बोटे सतत चालू, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. मान, खांदा, मनगट आणि कंबर दुखते म्हणून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत या स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. यातील बहुतेकींचे दुखणे स्नायूंचे किंवा मानेच्या सांध्यांचे असते; काही जणींची मानेतून हातात जाणारी नस दबलेली असते; आणि फारच थोड्या जणींच्या बाबतीत मानेच्या मणक्यांत खुद्द मज्जारज्जूवरच दाब आलेला असतो. पहिल्या दोन प्रकारांत व्यायाम, हाताने केलेले उपचार, बसण्याच्या पद्धतीतील बदल यांचा चांगला उपयोग होतो. तिसऱ्या प्रकारात मात्र शेक आणि ट्रॅक्शन (मान ताणून धरण्याचा उपचार) यांवर काढलेला प्रत्येक आठवडा महागात पडू शकतो, कारण मज्जारज्जूची झालेली हानी नंतर शस्त्रक्रिया करूनही पूर्ण भरून येईलच असे नसते, आणि अशा मानेवर जोर देऊन केलेले उपचार धोक्याचे ठरतात. अडचण अशी की या तिसऱ्या प्रकारात पुष्कळदा मान फारशी दुखतही नाही. हातांतली सफाई कमी होते, वस्तू निसटतात, चाल किंचित अडखळते, आणि रुग्ण हे सारे वयावर किंवा अशक्तपणावर ढकलतो.

अनुभवी फिजिओथेरपिस्ट अशा वेळी विडी कामगार मावशींना मान किती दुखते हे विचारून थांबत नाही. दिवसाला किती विड्या होत होत्या आणि आता किती होतात, दोरा बांधताना बोटे अडखळतात का, वळण नीट बसत नाही म्हणून विड्या परत येऊ लागल्या आहेत का, अंधारात किंवा जिना उतरताना तोल जातो का, असे प्रश्न ती विचारते. मग हातापायांची प्रतिक्षिप्त क्रिया पाहते, मधल्या बोटाचे टोक टिचकीने सोडून अंगठा आत वळतो का ते पाहते, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायला लावते. यातील प्रत्येक चाचणी पदवीच्या पुस्तकात आहे आणि तोंडी परीक्षेत मुले ती घडाघडा सांगतात. परंतु पन्नास मानदुखीच्या रुग्णांमधून ती कोणाला करायची, हे समजायला कोणीतरी शेजारी उभे राहून "थांब, यांचे हात पुन्हा एकदा बघ" असे म्हणावे लागते. मागावर नव्याने आलेल्या माणसाला जुना कारागीर शेजारी उभे राहून तुटलेला धागा ओळखायला शिकवतो, तसेच हे शिकणे आहे. रेसिडेन्सीचा गाभा मला यातच दिसतो.

अर्धांगवायूचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे चांगल्या हेतूने केलेल्या अतिरेकाचाही प्रश्न आहे. लकवा झाला की जितका लवकर आणि जितका जास्त व्यायाम तितके बरे, अशी नातेवाइकांची समजूत असते आणि अनेक नव्या फिजिओथेरपिस्टांचीही असते. २०१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'ॲव्हर्ट' चाचणीत पाच देशांतील ५६ रुग्णालयांतील २,१०४ रुग्णांचा अभ्यास झाला. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार आणि दीर्घकाळ उठवून बसवण्याचा, उभे करण्याचा, चालवण्याचा कार्यक्रम एका गटाला दिला गेला आणि दुसऱ्या गटाला नेहमीची काळजी. तीन महिन्यांनी समाधानकारक स्थितीत असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या काळजीच्या गटात ५० टक्के आणि जास्त जोमाच्या गटात ४६ टक्के निघाले. म्हणजे अपेक्षेच्या उलट. पुढील विश्लेषणातून असेही दिसले की थोडा थोडा वेळ परंतु अनेकदा उठवणे हे एकदाच बराच वेळ उठवून ठेवण्यापेक्षा हितकारक असते. आता हे निष्कर्ष वाचून पाठ करणे सोपे आहे. समोरच्या रुग्णाचा रक्तदाब बसवल्यावर कसा बदलतो, तो थकला आहे की खचला आहे, आज दहा मिनिटे पुरेत की आणखी दोन वेळा यायला हवे, हे ठरवणे अवघड आहे, आणि नेमके तेच रोजचे काम आहे.

लकव्याच्या रुग्णाचा सैल पडलेला खांदा हा आणखी एक विषय. रुग्णाला उठवताना घरचे लोक त्याच बाजूचा हात धरून ओढतात, सांधा जागेवरून सरकतो, आणि मग महिनोन् महिने खांदेदुखीमुळे बाकीचे व्यायामही थांबतात. हे टाळण्यासाठी पहिल्याच दिवशी घरातील माणसांना उशी कुठे ठेवायची, कुशीवर कसे वळवायचे, आधार कुठे द्यायचा हे दाखवावे लागते, आणि ते त्यांच्या भाषेत दाखवावे लागते. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून, शेजारच्या धाराशिव, विजयपुरा आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून रुग्ण इथे येतात. पुण्यात किंवा मुंबईत विशेष प्रशिक्षण घेतलेला तरुण इकडे परतला तर आनंदच आहे, पण बरेच जण परतत नाहीत हा अनुभव आहे. इथेच शिकलेला माणूस इथल्या घराची रचना, इथला शौचालयाचा प्रश्न, इथली मजुरी आणि इथली भाषा यांसह उपचार शिकेल.

इतर शाखांबद्दल थोडक्यात लिहिते. पलंगावर कूस बदलताना गरगरल्यासारखे होते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या गळ्यात 'मणक्याची चक्कर' म्हणून पट्टा येतो, पण यातील बऱ्याच जणांच्या बाबतीत अंतर्कर्णातील सूक्ष्म कण जागेवरून हललेले असतात आणि योग्य चाचणी करून डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने त्यांना पुष्कळदा एकदोन सिटिंगमध्येच आराम पडतो. मेंदूच्या पक्षाघाताचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा धोका असलेली बालके आता वयाच्या सहा महिन्यांच्या आत ओळखता येतात, असे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आढाव्यात मांडले गेले. त्यासाठी अर्भकाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचे निरीक्षण करण्याचे खास प्रशिक्षण लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या रचनेत फिजिओथेरपिस्टचे पद आहे, पण त्या पदावरील व्यक्तीला हे प्रशिक्षण कोण देणार? आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयासारखी जुनी संस्था आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज, आखडणारा खांदा, उपचारांदरम्यानचा थकवा हे सर्व कर्करोग-फिजिओथेरपीचे विषय आहेत. अशा स्त्रियांना "हाताने काही उचलू नका" असे सरसकट सांगितले जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीने देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेले वजनाचे व्यायाम सूज वाढवत नाहीत हे दाखवले. बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहण्याची तक्रार असलेल्या स्त्रियांबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, कारण त्या येतच नाहीत.

आता रेसिडेन्सी म्हणजे नेमके काय ते सांगते. अमेरिकेत फिजिओथेरपीतील विशेषज्ञतेला मान्यता देणारे मंडळ १९७८ मध्ये स्थापन झाले आणि १९८५ मध्ये पहिले विशेषज्ञ प्रमाणित झाले; ते हृदय व श्वसन शाखेतील होते. आज तिथे अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, बालरोग, वृद्धोपचार, क्रीडा, स्त्रीआरोग्य, कर्करोग, जखमांचे व्यवस्थापन अशा दहा शाखांत हे प्रमाणपत्र मिळते. त्याच्या परीक्षेला बसण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्या शाखेत किमान २,००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेली असणे, आणि दुसरा म्हणजे मान्यताप्राप्त रेसिडेन्सी पूर्ण करणे. रेसिडेन्सीत किमान १,५०० तास रुग्णसेवा आणि ३०० तास अध्ययन अपेक्षित असते, आणि या काळात किमान १५० तास मार्गदर्शक आणि रेसिडेंट यांनी एकास एक असे घालवायचे असतात. रेसिडेंट हा परवानाधारक फिजिओथेरपिस्ट असतो आणि साधारणतः त्याला पगार मिळतो. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीप्रमाणे ती सक्तीची नाही. ज्याला एका शाखेत खोलवर जायचे आहे तो ती निवडतो. शिवाय विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र जन्मभरासाठी नसते, दहा वर्षांच्या चक्रात आपले ज्ञान अद्ययावत असल्याचे दाखवून ते टिकवावे लागते. मला ही शेवटची अट फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे: तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नवा फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला काही महिने अस्थिरोग, काही महिने श्वसन, काही महिने मज्जासंस्था असा पगारी नोकरीतच फिरतो आणि वरिष्ठांच्या हाताखाली तयार होतो. दोन्ही देशांनी पदवीनंतरचा पहिला काळ नव्या माणसाच्या एकट्याच्या नशिबावर सोडलेला नाही.

सर्वांत महत्त्वाचे ते १५० तास. त्यांतल्या बहुतेक वेळी मार्गदर्शक खोलीत हजर असतो, रुग्ण रेसिडेंटचा असतो. तपासणीपूर्वी रेसिडेंटला विचारले जाते की तुझ्या मनात कोणत्या शक्यता आहेत. तपासणीनंतर विचारले जाते की त्यातली कोणती वगळलीस आणि कशाच्या आधारावर. दोन आठवड्यांनी विचारले जाते की अपेक्षेइतका फरक पडला नाही, तर चूक निदानात होती, मात्रेत होती की रुग्णाच्या परिस्थितीत. वर्षभर असे प्रश्न ऐकल्यावर माणूस ते स्वतःला विचारू लागतो.

माझ्या सहकाऱ्यांशी या विषयावर बोलताना काही आक्षेप ऐकायला मिळाले. त्यातला पहिला असा की पदव्युत्तर पदवी असताना रेसिडेन्सी कशाला? दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मोलाची आहे आणि तिच्यातही शाखा निवडता येते. पण तिचा पुष्कळ वेळ प्रबंध, चर्चासत्रे, परीक्षा आणि कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवणे यांत जातो, जागा मर्यादित असतात आणि खाजगी महाविद्यालयांतील शुल्क यंत्रमाग कामगाराच्या किंवा छोट्या शेतकऱ्याच्या मुलीला परवडत नाही. अध्यापनात किंवा संशोधनात जायचे असणाऱ्याने ती जरूर घ्यावी. ज्याला आयुष्यभर रुग्णच पाहायचे आहेत, त्याच्यासाठी कमावता कमावता शिकण्याचा मार्ग असायला हवा. पदव्युत्तर पदवी मिळालेल्यांनाही रेसिडेन्सीचा उपयोग होईल.

दुसरा आक्षेप घेताना पर्याय म्हणून शनिवार-रविवारच्या कार्यशाळांकडे बोट दाखवले जाते. टेपिंग, ड्राय नीडलिंग, कपिंग, हाताने सांधे हलवण्याच्या निरनिराळ्या पद्धती अशा विषयांवर दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा होतात, त्यांचे शुल्क नव्या पदवीधराच्या महिन्याच्या पगाराइतके असू शकते, आणि शेवटी चकचकीत प्रमाणपत्र मिळते. कौशल्य वाढवायला त्यांचा उपयोग आहे. परंतु हॉटेलच्या सभागृहात एकमेकांच्या निरोगी पाठीवर केलेला सराव आणि मधुमेह, ठिसूळ हाडे आणि भीती घेऊन आलेल्या साठीच्या आजींची पाठ यांत फार अंतर आहे. पाटीवर 'स्पेशालिस्ट' असे लिहिण्यासाठी आज अशी दोन-तीन प्रमाणपत्रे पुरतात आणि रुग्णाला त्यातला फरक कळण्याचा काही मार्ग नाही. हे थांबले पाहिजे, आणि ते थांबवण्याची जबाबदारी सर्वांत आधी आमच्या व्यवसायाची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. रेसिडेन्सीच्या नावाखाली स्वस्तात राबणारी माणसे मिळवण्याचा हा नवा मार्ग ठरेल, अशी भीती तरुणांनी बोलून दाखवली. ती निराधार नाही. इंटर्न आणि नवे पदवीधर यांना अत्यल्प मानधनावर किंवा मानधनाशिवाय दिवसदिवस राबवून घेतल्याचे अनुभव आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून काही अटींवर तडजोड होता कामा नये. रेसिडेंटला निश्चित आणि जगण्यापुरते वेतन मिळाले पाहिजे, त्याच्याकडून कोणतेही शुल्क घेता कामा नये, त्याने रोज पाहायच्या रुग्णांच्या संख्येला वरची मर्यादा हवी, आणि मार्गदर्शकाबरोबरच्या तासांची नोंद दोघांच्या सहीने ठेवून ती बाहेरच्या समितीने तपासली पाहिजे. ज्या संस्थेला हे तास देता येत नाहीत तिला रेसिडेन्सी देऊ नये. मार्गदर्शन नसलेली रेसिडेन्सी सुरू करण्यापेक्षा ती न केलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

सोलापुरात हे शक्य आहे का? मला वाटते, आहे. १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, इथे आहे. सहकारी, धर्मादाय आणि खाजगी अशी मोठी रुग्णालये शहरात आणि कुंभारीसारख्या जवळच्या ठिकाणी आहेत, अतिदक्षता विभाग आहेत, मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात, महामार्गांवरील अपघातांचे रुग्ण रोज येतात. रुग्णांची विविधता ही रेसिडेन्सीची पहिली गरज, आणि तिची इथे मुळीच वानवा नाही. उणीव आहे ती रचनेची.

ही रचना एकदम सर्व शाखांत उभी करू नये. पहिल्या वर्षी मज्जासंस्था आणि अस्थि-स्नायू या दोनच शाखा घ्याव्यात आणि प्रत्येकी दोन जागा ठेवाव्यात. मुख्य रुग्णालय एक असावे, पण रेसिडेंटने ठरावीक काळ दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काढावा. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याची योजना २०२० मध्ये अधिसूचित झाली. तिचे तत्त्व आम्हालाही लागू पडते. विडी कामगारांच्या वसाहतींत आठवड्यातून एक दिवस जाऊन तिथेच तपासणी करणे हा अस्थि-स्नायू शाखेच्या रेसिडेन्सीचा भाग असावा. आषाढी आणि कार्तिकीला पंढरपुरात सुजलेले पाय, फोड आणि गुडघे यांवर उपचार करणारी पथके असतात. त्यात रेसिडेंट असावेतच, मात्र त्या पथकातही एक वरिष्ठ माणूस असला पाहिजे.

मार्गदर्शक कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. आठवड्याला तीन तास धरले तर पन्नास आठवड्यांत १५० तास होतात. सोलापुरात आपापल्या शाखेत दीर्घकाळ काम केलेले फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांतील काहींनी आठवड्यातून एक सकाळ द्यायचे ठरवले तरी सुरुवात होते. ही सकाळ त्यांच्या क्लिनिकच्या उत्पन्नातून जाते, म्हणून त्यांना योग्य मानधन दिले पाहिजे. 'समाजसेवा म्हणून करा' असे म्हणून उभी केलेली योजना दोन वर्षांत कोलमडते. शिवाय उत्तम उपचार करणारा माणूस उत्तम शिकवतोच असे नाही, त्यामुळे मार्गदर्शकांसाठीही थोडे प्रशिक्षण लागेल. मेंदूरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी महिन्यातून एकदा रेसिडेंटबरोबर राउंड घेतला तर त्याचा लाभ दोन्ही बाजूंना होईल. फिजिओथेरपिस्टला कधी आणि काय विचारावे, हे डॉक्टरांनाही त्यातून कळेल.

खर्चाचा आकडा मोठा नाही. चार रेसिडेंटचे वर्षाचे वेतन आणि मार्गदर्शकांचे मानधन एवढीच मुख्य बाब आहे. नवी इमारत नको, महागडी यंत्रे नकोत. जिल्हा नियोजन समितीच्या आरोग्यावरील निधीतून, महापालिकेकडून किंवा इथल्या साखर कारखान्यांच्या आणि वस्त्रोद्योगाच्या सामाजिक दायित्व निधीतून हा खर्च उचलता येईल. ज्या उद्योगांत माणसांच्या पाठी, खांदे आणि गुडघे झिजतात, त्या उद्योगांकडे हे मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मान्यतेच्या बाबतीत आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे फेलोशिप अभ्यासक्रमांची चौकट आहे, आणि २०२१ च्या कायद्याने राज्य परिषदांची तरतूद केली आहे. या दोन्हींकडे सोलापूरचा प्रस्ताव जायला हवा. मान्यता मिळेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही: पहिले वर्ष प्रायोगिक म्हणून करावे, रुग्णांच्या प्रगतीच्या आणि मार्गदर्शनाच्या तासांच्या नोंदी काटेकोर ठेवाव्यात, आणि त्या नोंदींसह प्रस्ताव सादर करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'पुनर्वसन २०३०' या नावाने आवाहन केले. २०१९ मध्ये जगातील सुमारे २४१ कोटी लोक पुनर्वसन सेवेचा लाभ होऊ शकेल अशा स्थितीत होते, म्हणजे साधारण प्रत्येक तिसरी व्यक्ती, असा अंदाज त्यानंतर लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. अपघातातून, लकव्यातून, अपुऱ्या दिवसांच्या जन्मातून जगणाऱ्यांची संख्या वैद्यकशास्त्राने वाढवली आहे. ही माणसे वाचल्यानंतर पुन्हा चालू शकतील का, विड्या वळू शकतील का, बाळाला उचलून घेऊ शकतील का, हे मोठ्या प्रमाणात पुढच्या काही महिन्यांत त्यांना कोणाचे हात लागतात यावर ठरते.

आपल्या दैनिकाने या विषयावर एक चर्चा घडवून आणावी, अशी विनंती आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, शहरातील मोठ्या रुग्णालयांचे व्यवस्थापन, फिजिओथेरपिस्टांची स्थानिक संघटना, विडी आणि यंत्रमाग कामगारांचे प्रतिनिधी आणि नुकतेच पदवीधर झालेले चार-पाच तरुण यांना एकत्र बसवावे. या तरुणांना आधी बोलू द्यावे. मज्जासंस्था शाखेच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा आणि साप्ताहिक वेळापत्रकाचा कच्चा आराखडा मी तयार केला आहे; तो बैठकीत सर्वांसमोर ठेवण्याची आणि मार्गदर्शक म्हणून आठवड्यातील एक सकाळ देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर